फोटोग्राफर बोलवा, पण आधी ती ओल बघा

प्रश्न : नमस्कार ताई. कोथरूडला आमचा टू बीएचके आहे, १९९४ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट आहे, कार्पेट ६२० स्क्वेअर फूट, हॉलच्या बाल्कनीतून एआरएआयची टेकडी दिसते. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, तिथेच राहतात, दिवसा सोबतीला बाई असते. आता फ्लॅट विकून त्यांना आमच्याकडे बाणेरला आणायचं ठरलंय. एप्रिलपासून ब्रोकरने पोर्टलवर टाकलाय, १ कोटी १५ लाख सांगतोय, पण फोनच येत नाहीत, घर बघायला आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आता ब्रोकर म्हणतो प्रोफेशनल फोटो काढून घ्या. त्याच्याच ओळखीच्या फोटोग्राफरने फोटो, ड्रोन आणि रील मिळून १४ हजार सांगितले, सोबत चांगल्या फोटोंनी घराला जास्त भाव येतो असं सांगणाऱ्या अमेरिकेतल्या आकड्यांची एक पीडीएफ पाठवली. मिस्टर म्हणतात घर आहे का लग्नाचं स्थळ, हवं तर पाच लाख कमी करू पण ही थेरं नकोत. सासूबाई म्हणतात माझं घर चव्हाट्यावर मांडू नका. आणि मागच्या बेडरूमला खिडकीच्या वर ओल आलीय, पोपडे सुटलेत, तर फोटोग्राफर म्हणतो मॅडम टेन्शन घेऊ नका, एडिटिंगमध्ये उडवतो. ब्रोकरने टाकलेल्या फोटोंचे स्क्रीनशॉट पाठवतेय. काय करू?
– कोथरूडची सून

उत्तर :

नमस्कार. आधी मिस्टरांचं बघू, कारण त्यांचा हिशोब काही माझ्या पचनी पडला नाही. १४ हजार घालायचे नाहीत म्हणून पाच लाख सोडायला तयार, आणि तेही कधी, तर अजून धड कोणी घर बघितलेलंच नसताना. लोक येऊन, बघून, चहा पिऊन गेले आणि मग म्हणाले की भाव जास्त वाटतोय, तर भाव कमी करण्यात काही अर्थ आहे. तुमच्याकडे लोक दारापर्यंतच येत नाहीयेत. ब्रोकरला एक टक्का दलाली धरली तरी १ लाख १५ हजार होतात, ते देताना कोणी हूं की चूं करणार नाही, पण ज्या फोटोंवरून माणूस फोन करायचा की नाही ते ठरवतो त्यासाठी खिशातून पैसे निघत नाहीत, हे आपल्याकडे घरोघरी बघते मी. आणि लग्नाचं स्थळ आहे का विचारतात, तर आहेच की हो. फोटो बघून कोणी थेट होकार देत नाही, पण नकार मात्र फोटो बघूनच देतात आणि तो कळवत पण नाहीत.

आता तुमचे स्क्रीनशॉट. बाई गं. एकूण सहा फोटो आणि पहिला कसला, तर सोसायटीच्या गेटचा, त्यात तीन ॲक्टिव्हा आणि कचऱ्याचा डबा. पोर्टलवर यादीत स्क्रोल करताना दिसतो तो हाच पहिला फोटो, म्हणजे कोथरूडमधला टू बीएचके शोधणाऱ्या माणसाला तुमच्या घराबद्दल पहिली माहिती काय मिळते तर इथे कचऱ्याचा डबा आहे. दुसरा हॉलचा, मोबाईल उभा धरून काढलेला, पडदे ओढलेले, ट्यूब चालू, निम्म्या फोटोत छत आणि पंखा. तिसरा किचनचा, ओट्यावर कुकर, तेलाचा कॅन, विळी, भांड्यांची जाळी, सगळं आहे, ओटा तेवढा दिसत नाही. चौथ्यात बेडरूमचं गोदरेजचं कपाट आणि त्याच्या आरशात फ्लॅशसकट ब्रोकर स्वतः. पाचव्याबद्दल मी बोलणार नाही, बाथरूमचा फोटो काढायच्या आधी निदान बादली आणि पायपुसणं बाहेर काढावं एवढंच म्हणते. आणि सहावा बाल्कनीचा. त्यात दोरीवर चादर वाळत घातलीय आणि त्या चादरीच्या मागे टेकडी आहे. पत्रात तुम्ही टेकडीचा उल्लेख तिसऱ्या ओळीत केलात, इतकं तुम्हाला तिचं कौतुक, आणि सहा फोटोंपैकी एकातही ती नाही! एप्रिलपासून लोक जे बघतायत ते हे, तर फोन कशाला येतील.

म्हणून माझं उत्तर हो आहे, फोटोग्राफर बोलवा. फक्त १४ हजारांचं अख्खं पॅकेज घेऊ नका, आणि ओल उडवायचं तर नावच काढू नका, त्यावर खाली सविस्तर लिहिते.

ती पीडीएफ आधी बाजूला ठेवा. अमेरिकेतलं घर विकणं आणि आपलं रिसेल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, शिवाय तिथेही चांगले फोटो काढून घेणाऱ्यांनी घर पण नीट ठेवलेलं असतं, एजंट पण चांगला गाठलेला असतो, मग जास्त भाव आला तो फोटोने आला की बाकीच्या गोष्टींनी, हे कोण वेगळं करून सांगणार. फोटो चांगले काढले म्हणून १ कोटी १५ चे १ कोटी २५ होतील असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. होईल एवढंच की जे लोक आत्ता तुमच्या फ्लॅटवरून सरकून पुढे जातायत त्यातले काही थांबतील आणि फोन करतील.

आता प्रोफेशनल माणूस असं वेगळं काय करतो ते सांगते, म्हणजे पैसे कशाचे देताय ते मिस्टरांना पण समजावून सांगता येईल. आपल्या घरात फोटो काढताना सगळ्यात मोठा घोळ खिडकीचा होतो. खोलीत उजेड कमी, बाहेर लख्ख ऊन, मग एकतर खोली नीट येते आणि खिडकी पांढरीफट्ट, नाहीतर बाहेरचं दिसतं आणि खोली काळीकुट्ट. फोटोग्राफर ट्रायपॉडवर कॅमेरा लावून त्याच जागेवरून तीन-पाच फोटो काढतो, एक अंधारा, एक उजळ, एक मधला, आणि नंतर कॉम्प्युटरवर ते एकत्र करतो, मग सोफा पण दिसतो आणि खिडकीबाहेरची टेकडी पण. नवे मोबाईल हे थोडंफार आपोआप करतात पण खोली अंधारी असली की त्यांची दमछाक होते. दुसरं म्हणजे कॅमेऱ्याची उंची. आपण डोळ्याला लावून उभ्याने काढतो आणि मग खोली मावत नाही म्हणून फोन खाली-वर वाकवतो, त्याने भिंती तिरक्या येतात, खोली पडतेय की काय असं वाटतं. तो कॅमेरा साधारण छातीच्या उंचीला, अगदी सरळ ठेवतो, भिंतींच्या कडा उभ्याच्या उभ्या राहतात. फोटो बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही, त्याला एवढंच वाटतं की घर नीटनेटकं आहे. तिसरं, दिवे. तुमच्या हॉलमध्ये ट्यूब पांढरी आणि कोपऱ्यातला बल्ब पिवळा आहे, स्क्रीनशॉटमध्ये एक भिंत निळसर आणि एक हळदी लागल्यासारखी दिसतेय ती त्यामुळेच. दिवसा शूट असेल तर सरळ सगळे दिवे बंद, पंखे पण बंद.

तुमच्या घराच्या बाबतीत एक गोष्ट फार चांगली आहे. टेकडी कोथरूडच्या उत्तरेला, म्हणजे तुमची बाल्कनी उत्तरेकडेच उघडत असणार. हॉलमध्ये थेट ऊन येत नाही, उजेड दिवसभर एकसारखा मऊ, आणि समोरची टेकडी मात्र दक्षिणेच्या उन्हात न्हालेली. फोटोग्राफर लोकांना असा हॉल फार आवडतो. शिवाय आत्ता पावसाळा सरतोय, टेकडी हिरवीगार आहे. मार्चमध्ये काढाल तर तीच टेकडी करपलेली येईल. ती चादर काढा आणि बाल्कनीचं दार सताड उघडून, दारातून टेकडी दिसेल असा हॉलचा आडवा फोटो घ्यायला सांगा. यादीत पहिला फोटो हाच लावायचा. आडवाच हवा, उभा फोटो पोर्टलवर कापला जातो किंवा दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात.

वाइड लेन्सबद्दल मात्र फोटोग्राफरशी आधीच बोलून घ्या. छोट्या खोल्यांना वाइड लेन्स लागतेच, त्याशिवाय १० बाय १० ची बेडरूम फ्रेममध्ये बसत नाही, पण काही जण इतकी वाइड लावतात की कडेचा पलंग ताणून नावेएवढा होतो आणि खोली मंगल कार्यालयासारखी दिसते. मग पार्टी येते, दारात उभी राहते, आणि पहिलं वाक्य काय, तर फोटोत मोठं वाटत होतं हो. तिथून पुढे तुम्ही काहीही सांगा, त्यांचं तोंड उतरलेलंच राहतं आणि निगोशिएशनमध्ये त्याची वसुली होते. कोपऱ्यात उभं राहून तीन भिंती कोंबण्यापेक्षा दोनच भिंती नीट दाखवल्या तरी चालतात. आणि खोली केवढी आहे हे सांगायला फोटोपेक्षा फ्लोअर प्लॅन बरा. मूळ कागदपत्रांत बिल्डरने दिलेला प्लॅन असेल, नसेल तर टेप घेऊन मुलाला बसवा आणि हॉल किती बाय किती, किचन किती बाय किती, बेडरूम, ड्राय बाल्कनी, सगळं फुटात लिहून साधं ड्रॉइंग करून घ्या आणि फोटोंबरोबर टाका. आपल्याकडे लोक मनातल्या मनात आपलं कपाट आणि डबल बेड लावून बघत असतात, त्यांना आकडे लागतात. तुमच्या भागातल्या रिसेलच्या जाहिरातींत प्लॅन क्वचितच असतो, त्यामुळे तेवढ्यानेच तुम्ही वेगळे दिसाल.

ड्रोन काढून टाका. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचं वरून काय दाखवणार, सोलरचे पॅनल, पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना? वर त्याला २०२१ चे ड्रोन नियम आहेत, सरकारच्या डिजिटल स्काय साइटच्या नकाशावर आपला भाग कुठल्या झोनमध्ये येतो ते बघावं लागतं, एकीकडे लोहगावचा एअरफोर्सचा तळ, दुसरीकडे खडकवासल्याला एनडीए, म्हणजे लष्कराची प्रबोधिनी, आणि शेजारच्या विंगमधल्या काकूंच्या बेडरूमसमोर ते यंत्र घोंघावलं तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचाच विषय. बंगला असता, प्लॉट असता तर गोष्ट वेगळी. रील पण नको. त्याऐवजी तुम्हीच मोबाईल आडवा धरून दारापासून सुरू करून बाल्कनीपर्यंत एका दमात, सावकाश चालत, गाणंबिणं न लावता दोन मिनिटांचा व्हिडिओ करा. घेणाऱ्यांचा मुलगा नाहीतर जावई बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला असतो आणि पैशाचं त्यानेच ठरवायचं असतं, त्याला व्हॉट्सॲपवर असा साधा व्हिडिओ जास्त उपयोगी पडतो, कारण एका खोलीतून दुसरीत कसं जातात ते फोटोत कळत नाही. तर फोटोग्राफरला फक्त स्टिलचं, म्हणजे नुसत्या फोटोंचं, कोटेशन मागा, आणि अजून दोघांना विचारा. विचारताना भारीतले निवडक फोटो बघू नका, एका कुठल्यातरी साध्या टू बीएचकेचा पूर्ण अल्बम दाखवा म्हणावं, बाथरूमसकट. प्री-वेडिंग उत्तम करणारा माणूस घराचे फोटो चांगले काढेलच असं नाही, तो माणसांवर फोकस करतो आणि भिंती तिरक्याच ठेवतो.

आता ओल. यावर मी जरा ताणून धरणार आहे.

फोटोग्राफर कुठला अँगल घेतो हा त्याचा प्रश्न आहे. बेडरूमचा फोटो खिडकीकडे पाठ करून कपाटाच्या बाजूने घेतला तर त्यात खोटं काही नाही, कुठलाही फोटो काहीतरी दाखवतो आणि काहीतरी सोडतो, घेणाऱ्यालाही ते माहीत असतं. ऊन जास्त होतं म्हणून फोटो उजळला, तिरकी भिंत सरळ केली, फरशीवरचा पाण्याचा थेंब पुसला, चालतं. पण भिंतीवर ओल आहे आणि फोटोत त्याच जागी कोरी करकरीत भिंत दाखवली, म्हणजे जी भिंत जगात नाहीच ती तुम्ही विकायला काढलीत. हे उघडं कधी पडेल, तर पहिल्याच व्हिजिटला, कारण पोपडे तर तिथेच असणार. मग तो माणूस ओलीबद्दल घासाघीस करत बसत नाही, तो मनात म्हणतो यांनी अजून काय काय लपवलं असेल, आणि टायटल, सोसायटीची थकबाकी, पार्किंग, सगळ्याकडे संशयाने बघायला लागतो.

कायद्याचं पण ऐका. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याच्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्याच्या जबाबदाऱ्या दिल्यात. मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहितीय आणि घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो सापडला नसता, तो उघड करायचा असतो. आता पोपडे सुटलेली भिंत कोणालाही दिसेल, ती लपलेली नाही. पण ब्रोकर तुम्हाला पुढचा सल्ला काय देणार ते मी आत्ताच सांगते, एक हात पुट्टी आणि एक हात डिस्टेंपर मारून घ्या वहिनी, कोणाला कळतंय. तसं केलंत की दिसणारा दोष तुम्ही स्वतःच्या हाताने लपवलेला दोष केलात. आणि पुढच्या जुलैत तो नव्या मालकाच्या उशाशी परत उगवणार.

ती ओल बहुतेक बाहेरून येतेय. मागची बेडरूम दक्षिणेला, आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, आणि तीस वर्षांच्या बिल्डिंगमध्ये खिडकीवरचा सज्जा भिंतीला जिथे मिळतो तिथे बारीक चीर पडलेली असते, पाणी तिथून मुरतं. बाहेरून पावसाचं पाणी झिरपत असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाच्या यादीत येते, तुमच्या नाही. सेक्रेटरींना आजच लेखी अर्ज द्या, फोटो जोडा, पोच घ्या. सोसायटी काम करेल तेव्हा करेल, पण तुमच्याकडे पोच आहे हे घेणाऱ्याला दाखवता येतं. आतून पोपडे खरवडून भिंत तशीच सुकू द्या, पंखा लावून ठेवा, खिडकी उघडी ठेवा. ओल्या भिंतीवर रंग मारू नका, महिन्याभरात फुगतो आणि मजुरी पाण्यात. बाहेरची चीर भरली, भिंत खडखडीत सुकली, मगच प्रायमर आणि रंग. तोपर्यंत फोटोसाठी थांबायची गरज नाही, बेडरूमचा एकच फोटो दुसऱ्या बाजूने घ्या आणि ब्रोकरला बजावून सांगा की फोनवर पार्टीला आधीच सांगायचं, मागच्या बेडरूमला खिडकीवर ओल होती, सोसायटीला कळवलंय, काम झालं की रंग करून देणार. हे ऐकून जो येतो तो खरंच घ्यायला येतो. ब्रोकर कुरकुर करेल, करू दे.

व्हर्च्युअल स्टेजिंग म्हणून अजून एक प्रकार हल्ली सगळे विकतात, रिकाम्या खोलीत कॉम्प्युटरवर सोफा-कार्पेट-कुंड्या बसवून देतात. तुमचं घर भरलेलं आहे त्यामुळे तुम्हाला त्याची गरज नाही. कोणी आग्रह केलाच तर फोटोवर स्पष्ट लिहायला लावा की फर्निचर काल्पनिक आहे, आणि फरशी, भिंती, खिडक्या जशाच्या तशा ठेवायला सांगा. तुमच्या मोझॅकच्या फरशीचं लाकडी फ्लोअरिंग केलेलं चालणार नाही.

सासूबाईंचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण मला वाटतं सगळ्यात नाजूक गोष्ट तीच आहे आणि पत्रात तुम्ही तिला एकच ओळ दिलीत. तीस वर्षं त्या त्या ओट्याशी उभ्या राहिल्यात. आता एक परका मुलगा येऊन म्हणणार आजी हे उचला, ते उचला, हे फार जुनाट दिसतं. त्यांना फोटोचा राग आलेला नाही हो, घर आपलं नाही राहिलं हे पहिल्यांदा डोळ्यासमोर दिसणार त्याचा आलाय. विकायचं ठरलंय असं तुम्ही लिहिलंत, त्यात त्यांना विचारून ठरलंय का ते मला कळलं नाही, आणि फ्लॅट कागदोपत्री त्यांच्या नावावर असेल किंवा वारस म्हणून त्यांचा हिस्सा असेल तर त्यांच्या सहीशिवाय काहीच हलणार नाही, तेव्हा ते आधी बघा. आणि हे त्यांच्याशी मिस्टरांनी बोलायचं, तुम्ही नाही. आई त्यांची आहे.

बोलताना डीक्लटर वगैरे शब्द नकोत. त्यांना विचारा की आई, यातलं काय काय बाणेरला न्यायचं. जे न्यायचं ते आत्ताच खोक्यात भरायला घ्या, त्यांच्या देखत, त्यांच्या सांगण्याप्रमाणे, म्हणजे फोटोसाठी घर आपोआप मोकळं होतं आणि त्यांना हाकललं जातंय असं वाटत नाही. देवघराचा फोटो घेऊ नका, त्यांना आवडणार नाही आणि घेणाऱ्याला त्याचा उपयोग पण नाही. यजमानांचा हार घातलेला फोटो शूटपुरता त्यांनाच उतरवू दे, शक्य असेल तर, नाहीतर त्या भिंतीकडे पाठ करून फोटो काढायला सांगा. ओट्यावरच्या बरण्या मात्र मी दोन-तीन राहू देईन. एकदम रिकामा ओटा हॉटेलच्या किचनसारखा कोरडा दिसतो, घासूनपुसून लख्ख केलेला कडाप्पा आणि त्यावर दोन चिनी मातीच्या बरण्या, कोथरूडमध्ये घर शोधणाऱ्या माणसाला ते बघून बरंच वाटेल. शूटच्या दिवशी त्यांना शेजारी पाठवायचं की घरात बसवायचं हे पण त्यांनाच ठरवू दे. काही म्हाताऱ्या माणसांना समोर बसून सूचना द्यायला फार आवडतं.

आणि चव्हाट्यावर मांडू नका हे त्या म्हणतात त्यात तथ्य आहे बरं का. दिवसा ८१ वर्षांची बाई आणि एक कामवाली, आणि पोर्टलवर घराचा कानाकोपरा. दारावरची नावाची पाटी, लॅच आणि साखळी, तिजोरी असलेलं कपाट, औषधांचा ट्रे, टेबलावर पडलेलं लाइट बिल, कॅलेंडरवर लिहिलेले फोन नंबर, नातवंडांचे फोटो, पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर, यातलं काही फोटोत येता कामा नये. जाहिरातीत बिल्डिंगचं नाव द्या, फ्लॅट नंबर देऊ नका, आणि व्हिजिट फक्त तुमच्यापैकी कोणी तिथे असताना, ब्रोकरच्या हातात किल्ली नाही.

वेळेचं बघितलं तर तुमचं नशीब चांगलं आहे. हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा गणपती गेलेले असतील आणि पितृपक्ष लागलेला असेल. पंधरवडाभर कोणी घर बघायला येणार नाही, आणि आलं तरी टोकन देणार नाही. तेवढ्यात सोसायटीचा अर्ज, खोकी, साफसफाई, शूट, सगळं उरकून घ्या. एडिट केलेले फोटो यायला तीन-चार दिवस धरा. घटस्थापनेला नवीन फोटो टाकले की दसरा-दिवाळीत टोकन द्यायच्या मूडमध्ये असलेले लोक तुमच्यासमोर येतात. ब्रोकरला सांगून जुनी जाहिरात पूर्ण काढून टाका आणि नव्याने टाका, त्याच जुन्या पोस्टमध्ये फोटो बदलू नका, एप्रिलपासून पडून राहिलेलं घर दिसलं की लोक आधी विचारतात का विकलं जात नाहीये. नव्या जाहिरातीच्या मजकुरात मुख्य दार कुठल्या दिशेला ते लिहा, पार्किंग अलॉटेड आहे का ते लिहा, आणि रिडेव्हलपमेंटची सोसायटीत चर्चा आहे की नाही ते पण, कारण १९९४ ची बिल्डिंग म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच येतो.

भाव बरोबर आहे का ते मात्र फोटो सांगणार नाहीत. ब्रोकरच्या तोंडच्या आकड्यावर विसंबू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये गाव आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाकला की तुमच्या आसपास नोंदवलेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदीचे गोषवारे, बघता येतात, त्यात मोबदला किती ते लिहिलेलं असतं. तुमच्याच सोसायटीत किंवा शेजारच्या बिल्डिंगमध्ये अलीकडे काय भावाने गेलं ते काढा. तिथे ९५ लाखाने गेलं असेल तर मग मिस्टरांचं पाच लाखाचं बोलणं खरंच विचारात घ्यावं लागेल.

फोटोंचे पैसे तुम्ही स्वतः द्या, ब्रोकरला देऊ देऊ नका, तो आपण होऊन तयार झाला तरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ प्रमाणे पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून फोटो काढून घेतले असतील तर वेगळा करार नसेल तेव्हा हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. उद्या हा ब्रोकर बदलायची वेळ आली, आणि ज्याने आरशातला तो फोटो टाकलाय त्याला बदलायची वेळ येऊ शकते, तर फोटो तुमच्याकडे राहतील. कोटेशनच्या खाली बारीक अक्षरात उलटं काही लिहिलंय का तेवढं वाचून घ्या. फोटो व्हॉट्सॲपवर नको, दाबून पाठवतं ते, ड्राइव्हच्या लिंकवर मागा. आणि आल्यावर ते टीव्हीवर लावून सासूबाईंना एकदा दाखवा, त्या एखाद्याला नको म्हणाल्या तर तो काढून टाका, वादावादी न करता.